स्टेकहोल्डर म्हणजे भागधारक नव्हे, मान्य. मग कोण?

कागदकाम
कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फौंड्रीचा अहवाल मराठीत करून देते आहे. माल परदेशी जातो म्हणून मूळ इंग्रजीत. मराठी प्रत कामगारांना आणि आसपासच्या ग्रामपंचायतींना वाटायची आहे. पहिल्याच पानावर 'स्टेकहोल्डर' या शब्दाशी अडलेय. मी लिहिलं होतं, 'सर्व हितधारकांसाठी मूल्यनिर्मिती करणे व त्यांचा विश्वास संपादन करणे'. बाबा साखर कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी विचारलं, "हितधारक म्हणजे कोण गं? रेशनकार्डधारकासारखं काही कार्ड मिळणार काय त्यांना? आणि मूल्यनिर्मिती म्हणजे शाळेतलं मूल्यशिक्षण?" मग 'भागधारक' केलं, तर फौंड्रीच्या अकौंटंटनी खोडलं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, सगळे शेअर एका घरात. म्हणजे वाक्य झालं, 'आम्ही घरच्यांचा फायदा करतो आणि घरच्यांचा विश्वास मिळवतो'. खरं असेलही, पण छापता येत नाही. सुचवा काहीतरी, शुक्रवारी छपाईला जायचंय.

वहीखातं
अकौंटंट बरोबर आहेत. भागधारक म्हणजे शेअरहोल्डर, त्यात वाद नाही. वर्तमानपत्रं दोन्हींना भागधारक छापतात तो आळस. पण घोळ एकट्या मराठीचा नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १७८ बघा. हजाराहून जास्त भागधारक, कर्जरोखेधारक, ठेवीदार वगैरे असतील तर कंपनीने 'स्टेकहोल्डर्स रिलेशनशिप कमिटी' नेमायची. ती तक्रारी कुणाच्या ऐकते? ज्यांच्या हातात कंपनीचे रोखे आहेत त्यांच्याच. कामगार आणि गाव तिच्या दारात उभे राहत नाहीत. उलट कलम १६६ मध्ये संचालकाने कर्मचारी, भागधारक, समाज यांचं हित पाहावं आणि पर्यावरण जपावं असं स्पष्ट आहे, तिथे मात्र स्टेकहोल्डर हा शब्दच नाही! मी वर्गात 'हितसंबंधी' शिकवत आलो. तोच घ्या.

अर्धा_कट
सर, 'हितसंबंधी' नको. त्या शब्दाला वास येतो. 'या टेंडरात कुणाचे हितसंबंध गुंतलेत' असंच आपण बोलतो ना? ग्रामपंचायतीच्या लोकांना 'आमचे हितसंबंधी' म्हणून छापील कागद दिला तर विरोधी पार्टी तोच फलकावर लावेल.

शब्दसाधक
हितधारक ही हिंदीची उसनवारी आहे आणि ती करायची काही गरज नाही. आधी मूळ शब्द तपासू. इंग्रजीत स्टेकहोल्डर म्हणजे पैजेचे पैसे ज्याच्या हाती ठेवायचे तो तिऱ्हाईत. त्याचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नसायचं. आजचा अर्थ स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या १९६३ च्या एका अंतर्गत टिपणापासूनचा, आणि एडवर्ड फ्रीमन यांच्या १९८४ च्या पुस्तकानंतर तो व्यवस्थापनाच्या वर्गांत पसरला. म्हणजे त्यांनीही शब्द फिरवूनच घेतलाय.
आता 'स्टेक'ला आपल्याकडे घरचा शब्द आहे, 'पण'. पणाला लावणे, प्राणपणाने लढणे. संस्कृत पण् धातूचे दोन्ही अर्थ आहेत, व्यवहार करणे आणि पैज लावणे. 'पणन' त्यातलाच. मार्केट यार्डात जाता-येता 'पणन' लिहिलेली पाटी वाचतो, अर्थ कुणी विचारत नाही. तेव्हा माझी सूचना: पणधारक.

चुलवाण
पणधारक! पणत्या धरून ओळीनं उभी राहिलेली माणसं आली की डोळ्यांपुढं. सर, रागावू नका.
पण तुमचं 'पणाला लागणे' मात्र एकदम खटक्यावर बोट. ऊस कारखाना घ्या. सभासदाचा भाग हाय, त्याला सभासद साखर मिळते, सर्वसाधारण सभेत माईक ओढता येतो. बिगरसभासदाचा नुसता ऊस पणाला. ट्रॅक्टरवाल्यानं मुकादमाला दिलेली उचल पणाला, ऊसतोडीची टोळी आलीच नाही तर बोंबला. बीडकडनं टोळी आली तर तिचा अख्खा हंगाम पणाला, आणि तिचं नाव कुठं? मुकादमाच्या वहीत. सांडपाणी पंचगंगेत सुटलं तर खालच्या गावांचं प्यायचं पाणी पणाला. भागधारक म्हटलं की यातला एक माणूस आत, बाकी सगळे फाटकाबाहेर. ताई, एकच शब्द कशाला शोधता? नावं लिहा. कामगार, माल पुरवणारे, गिऱ्हाईक, बँक, शेजारची गावं. एक ओळ वाढंल, वाढू दे.
आणि विश्वासाचं म्हणाल तर आमच्यात तो वजनकाट्यावर असतोय. दर कितीबी जाहीर करा, पहिली चौकशी 'काटा कसा हाय?' हीच. 'काटा मारतोय' अशी हवा झाली की ऊस दुसरीकडं वळला म्हणून समजा. शहाणा माणूस आधी बाहेरच्या काट्यावर गाडी चढवून येतो.

अर्धा_कट
काट्याला जोडून दुसरी गोष्ट तारीख. पहिली उचल, म्हणजे उसाच्या पैशांचा पहिला हप्ता, कधी जमा झाली यावर चेअरमनची अब्रू ठरते. २००९ पासून एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, आली. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज, असा नियम आहे. ते व्याज मागायला जाणारा शेतकरी मात्र मला अजून भेटायचाय.

शब्दसाधक
'रास्त व किफायतशीर दर' असे सुरेख शब्द असताना एफआरपी कशाला? महापौर हा शब्द सावरकरांनी आणला तेव्हाही लोक हसलेच असतील. आज मेयर म्हणून बघा कोल्हापुरात.

चुलवाण
रास्त व किफायतशीर दर म्हणेपर्यंत गाडीतला ऊस वाळतोय, सर. आंदोलनाची घोषणा एफआरपीवरच बसते. २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, हे आमच्या आज्जीला पाठ हाय. तिला 'किफायतशीर' विचारा. शिवाय 'रास्त' फारशी आणि 'किफायत' अरबी, मग शुद्ध काय राहिलं यात?

कागदकाम
सगळं छान चाललंय, पण मूल्यनिर्मितीचं काय करू?

गुजरीतला
मूल्य सोडा, मोल घ्या. मूल्याचंच मोल झालं. मोलमजुरी, मोलाचा माणूस, सगळं त्यात आलं. पण मला विश्वासावर बोलायचंय. आमच्या धंद्यात विश्वास असा भाववाचक नसतो, तो आकड्यात असतो, त्याचं नाव टंच, म्हणजे सोन्याचांदीची शुद्धता. हुपरीचं पैंजण हातात घेतलं की आधी टंच किती, मग मजुरी, मग घट. ज्याचा टंच सांगितल्याप्रमाणे उतरतो त्याचा माल पुढच्या वेळी न तपासता घेतात. याला आम्ही पत म्हणतो. विश्वास संपादन करणे हे निवडणुकीच्या पत्रकातलं वाटतं.

वहीखातं
पत हा शब्द उत्तमच. फक्त हिशोबात तो चालत नाही. बोर्डाच्या पुस्तपालनात गुडविलला 'ख्याती' आहे, आणि अकरावी-बारावीची मुलं ख्यातीचं मूल्यांकन करताना घाम गाळतात. गंमत अशी की ख्याती म्हणजे प्रसिद्धी, आणि गुडविल म्हणजे प्रसिद्धी नव्हे. १८१० च्या एका इंग्रज खटल्यात लॉर्ड एल्डन यांनी त्याची व्याख्या केली, तिचा भाव असा: जुनं गिऱ्हाईक जुन्याच जागी परत येण्याची शक्यता. त्या जागेपोटी आपण पगडी मोजतो आणि वर्गात तिला ख्याती म्हणतो.

शब्दसाधक
गिऱ्हाईक नव्हे, ग्राहक.

गुजरीतला
ग्राहक बँकेत असतो, सर. दुकानात गिऱ्हाईकच येतं, आणि तेही नपुंसकलिंगी.

अर्धा_कट
पत हा पती किंवा पत्नीवरून आला असं आमचे एक सर सांगायचे. लग्नाला पत लागते म्हणून.

शब्दसाधक
काहीही. प्रत्यय म्हणजे खात्री, त्यावरून प्राकृतात गेला आणि पत झाला, असं मला वाटतं. हिंदीतलं पतियाना तिकडचंच. खरी मजा 'सावकार' मध्ये आहे. साधु, साहु, साव. चोराच्या विरुद्ध तो साव. साव असल्याचा आव आणतो म्हणतो ना आपण? त्या सावाला कार लागला.

चुलवाण
म्हणजे सावकार मुळात साधू? आमच्या पणज्याला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, निदान रान गहाण टाकताना दोन फुलं वाहिली असती.

कापशीवाली
चर्चा वाचत होते. मूल्य की मोल यावर एक विचारते. जून २०२५ ला मिलानच्या शोमध्ये प्राडाची सँडल आली, आपल्या चपलेसारखी, आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ओरड झाल्यावर घेतलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. कातडं तेच, वेणी तीच. मग मोल वाढलं कुठं, शिवणाऱ्याच्या हातात की नावाच्या पट्टीत? अहवालवाले 'मूल्यनिर्मिती' लिहितात तेव्हा ते यातलं नेमकं काय म्हणत असतात, ते आधी फौंड्रीलाच विचारा. तिथं तापल्या भट्टीपुढं उभा असतो तो निर्माण करतो. ऑफिसात असतं त्याला मोजदाद म्हणतात.

वहीखातं
हे थोडं एकांगी झालं. ऑर्डर आणणाऱ्याचं, उधारी सोसणाऱ्याचंही काही असतं. परदेशी गिऱ्हाईक पैसे किती महिन्यांनी देतं ते उद्यमनगरात विचारा.

कापशीवाली
असतं की. पण अहवालात फोटो त्यांचाच असतो.

चुलवाण
गुळाचं बघा. २०१४ ला कोल्हापुरी गुळालाबी मानांकन मिळालं. पण सौद्यात पिवळाधमक रवा वर चढतो आणि भेंडी घालून काढलेला, बिनहायड्रॉसचा (हायड्रॉस म्हणजे रंग उजळायची पावडर) तपकिरी रवा मागं पडतो. गिऱ्हाईकाला पिवळा पाहिजे म्हणून व्यापाऱ्याला पिवळा, म्हणून गुळव्या हायड्रॉस टाकतो. सगळेच एकमेकांवर विश्वास ठेवून बसलेत, आणि काहिलीत काय पडतंय ते सगळ्यांना म्हाईत. ह्याला कुठला शब्द लावणार? ताई, तुम्ही सरळ लिहा, 'आमच्या कामातून ज्याच्या-त्याच्या पदरात काय पडलं आणि आम्ही शब्द किती पाळला'. खाली आकडे द्या.

कागदकाम
'पदरात पडलं' मला आवडलं. एचआरच्या मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या फार घरगुती वाटतं. त्यांना 'मूल्यवर्धन' हवंय आता.

शब्दसाधक
मूल्यवर्धन म्हणजे असलेल्यात भर. निर्मिती आणि वर्धन यांत फरक आहे, तो पुसू नका. आणि चुलवाण, 'रवा' काय? प्रमाण मराठीत गुळाची ढेप.

चुलवाण
गुळाच्या सौद्यात जाऊन ढेप म्हणून दाखवा. तीस किलोचा रवा, दहाचा रवा, एक किलोचाबी रवाच. शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली तेव्हापासनं कोल्हापुरात सौदे रव्याचेच होतात.

गुजरीतला
रवा आमच्यातही आहे, सोन्याचांदीचा बारीक दाणा. तीस किलोचा दाणा ऐकला नव्हता.

वऱ्हाडी_मुक्काम_राजारामपुरी
लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाईंनी गुळाची ढेप फोडायला सांगितली, मी गोठ्याकडे निघाले. आमच्याकडे ढेप म्हणजे सरकीची, ती म्हशीला घालतात.

चुलवाण
बघा! आणि ढेप म्हणणाऱ्या सासूबाई मूळच्या कुठल्या, तेबी विचारून घ्या. कोल्हापूरच्या नसणार.