सल्ला हवा: टोकियो आणि म्युनिकहून मॉडेल ट्रेन आणायची आहे. काय घ्यावं, काय टाळावं?

गोरेगाव_पूर्व
नमस्कार मंडळी. आधी सहकुटुंब टोकियो आणि नंतर कामानिमित्त म्युनिक, असा प्रवास ठरतोय. रुळांवर चालणारी ट्रेन पहिल्यांदाच घेणार आहे. घर वन बीएचके, त्यामुळे कायमचा लेआउट शक्य नाही. ४ फूट बाय अडीच फुटांचं घडीचं टेबल आहे, खेळून झालं की सोफ्यामागे जातं. बजेट गाडी, रूळ, कंट्रोलर धरून चाळीस हजारांपर्यंत. एन घेऊ की एचओ (मॉडेल ट्रेनची ही दोन मापं)? जपानमध्ये घेऊ की जर्मनीत? आणि मुंबईच्या कस्टम्समध्ये काय विचारतात?

नऊ_मिमी
दुकानाआधी टेबल मोजा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. तुमचं टेबल १२२ बाय ७६ सेंमी. एचओमध्ये (१:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिमी) मार्कलिन या जर्मन कंपनीच्या सी-ट्रॅकचं सर्वात लहान नेहमीचं वळण ३६० मिमी त्रिज्येचं. ते रुळाच्या मध्यापासून मोजतात, म्हणजे व्यास ७२०, त्यात ४० मिमी रुंदीची खडीपट्टी धरली की ७६० मिमी. तुमचं टेबल तिथेच संपलं. वळणावर डब्यांची टोकं बाहेर झुकतात, तेवढी जागा उरत नाही. त्यात पूर्ण मापाचे ३० सेंमीचे डबे या वळणावर दिसायलाही वाईट आणि चालायलाही अवघड.

एनमध्ये (९ मिमी रूळ) काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅकचं ३१५ मिमीचं वळण घेतलं तर व्यास ६३० अधिक २५, म्हणजे ६५.५ सेंमी. दोन्ही बाजूंना २४८ मिमीचे दोन-दोन सरळ तुकडे टाकले की लांबी ११५ सेंमी. टेबलावर बसून कडेला थोडी जागाही राहते. आत २८२ मिमीचं दुसरं वळण टाकून पुढे दुहेरी मार्ग करता येतो, दोन रुळांत ३३ मिमी अंतर पडतं. तुमच्यासाठी एन, यात मला शंका नाही.

एक लक्षात असू द्या. एन म्हणजे सगळीकडे ९ मिमी रूळ, पण गाड्यांचं प्रमाण एक नाही. जपानी गाड्या १:१५०, शिंकान्सेन १:१६०, युरोप-अमेरिका १:१६०, ब्रिटिश १:१४८. एकाच रुळावर सगळ्या धावतात. शेजारी उभ्या केल्या की फरक डोळ्याला कळतो.

बोरघाट
मापांशी सहमत, तरी एचओची बाजू मांडतो, कारण म्युनिकला गेल्यावर मोह होणारच. मार्कलिनची एचओ गाडी तीन-रूळ पद्धतीची. दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे, दुसरा ध्रुव स्लीपरच्या मधोमध असलेल्या बारीक टोकांतून. त्यामुळे तिची चाकं एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या वेगळी केलेली नसतात, आणि ती गाडी रोको, पिको, फ्लाइशमान या कंपन्यांच्या दोन-रूळ ट्रॅकवर ठेवली की थेट शॉर्ट. ओळखायची खूण सोपी: इंजिन उलटं करा. पोटाखाली लांब धातूची पट्टी (श्लायफर) दिसली तर ते तीन-रूळ. खोक्यावर 'वेक्सलश्ट्रोम' म्हणजे एसी (तीन-रूळ) आणि 'ग्लाइशश्ट्रोम' म्हणजे डीसी (दोन-रूळ), हे दोन शब्द पाठ करून जा. त्याच कंपनीचा ट्रिक्स हा ब्रँड दोन-रूळ आहे आणि मिनिट्रिक्स एन आहे, म्हणून दुकानात 'मार्कलिनचंच आहे' एवढं ऐकून पैसे काढू नका.

आपल्या घाटात १९२८ पासून धावलेल्या डब्ल्यूसीजी-१ 'क्रोकोडाइल'ची पहिली इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्ये बनली होती. तिची स्विस नातलग एचओतही मिळते, एनमध्येही. मुंबईकराला म्युनिकमध्ये घ्यावंसं वाटेल असं इंजिन तेच. फक्त बजेटमधला मोठा तुकडा एकट्यावर जाईल.

नऊ_मिमी
टोकियोबद्दल. अकिहाबारा स्टेशनबाहेरचं योदोबाशी कॅमेरा नव्या मालासाठी चांगलं: काटो, टोमिक्स दोन्ही, करमुक्त काउंटर तिथेच. वापरलेल्या मालासाठी पोपोंदेत्ता आणि टॅम टॅम. शिंजुकू वॉर्डात ओचिआइला काटोचं स्वतःचं हॉबी सेंटर आहे, सुटे भाग हवे असतील तर तिथे जा.

नवख्या माणसाची हमखास चूक होते ती सेटच्या नावात. जपानी गाड्या 'किहोन' (मूळ) आणि 'झोकेत्सु' (जोड) अशा वेगळ्या सेटमध्ये विकतात. मोटरचा डबा बहुतेक वेळा मूळ सेटमध्येच असतो. जोड सेट स्वस्त दिसतो, चित्र तसंच असतं, घरी आणल्यावर गाडी हलत नाही. खोक्यावरच्या डब्यांच्या आकृतीत मोटरच्या डब्याजवळ खूण असते, ती काउंटरवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

लांबीचाही हिशेब करा. तुमचा लंबवर्तुळाकार मार्ग साधारण ३ मीटरचा. शिंकान्सेनचा डबा एनमध्ये सुमारे १५.६ सेंमी, म्हणजे १६ डब्यांची पूर्ण गाडी अडीच मीटर. ती स्वतःच्याच शेपटीमागे धावताना दिसेल. २० मीटर लांबीच्या लोकलचा डबा १३ सेंमीचा, ४ ते ६ डब्यांची गाडी या टेबलावर फार छान दिसते. शिंकान्सेनच हवी असेल तर ४ डब्यांचा मूळ सेट पुरे, आणि ३१५ पेक्षा लहान वळणावर ती घालू नका.

रूळ: ३१५-४५° वळणं ८, सरळ २४८ चे ४, वीजजोडणीचा टर्मिनल जॉइनर १ जोडी. ८ गुणिले ४५ म्हणजे ३६० अंश, मार्ग बंद होतो. जॉइनरऐवजी ६२ मिमीचा फीडर तुकडा घेतलात तर समोरच्या बाजूलाही ६२ चा साधा तुकडा लागेल, नाहीतर मार्ग तिरका जुळतो आणि जोड ताणून बसवले की तिथेच गाडी घसरते. काटो आणि टोमिक्सचे जोड एकमेकांत बसत नाहीत, एकच कंपनी धरा. सोफ्यामागे उभं ठेवायचं आहे तर काटो, कारण रोज काढ-घाल करताना त्याचे जोड घट्ट राहतात.

गोरेगाव_पूर्व
फार उपयोगी. रूळ आणि पॉवर पॅक (वीज देणारा कंट्रोलर) एकत्र असलेला मास्टर सेट घेतला तर चालेल का? आणि करमुक्त खरेदीचं कसं?

सोल्डर_गन
सेट चालेल, पॉवर पॅकचं लेबल वाचून. जपानचा पुरवठा १०० व्होल्ट, आपला २३०. अडॅप्टरवर 'इनपुट १००–२४०' छापलं असेल तर पिनचा कन्व्हर्टर लावून इथे चालेल. फक्त '१००' असेल तर आपल्या सॉकेटमध्ये घालायचं नाही, सेकंदात जळतो. पिन बदलणारा कन्व्हर्टर व्होल्टेज बदलत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण वजनदार आणि मुलांच्या हाताशी नको.

माझं मत: फक्त रुळांचा सेट आणा, वीज इथे जुळवा. लॅमिंग्टन रोडवर १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला एसएमपीएस अडॅप्टर, डीसी मोटरचा पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारा) स्पीड कंट्रोलर, दिशा बदलायला मधे बंद होणारा डीपीडीटी स्विच, आणि मालिकेत १ अँपिअरचा पॉलीफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज). शेवटची वस्तू विसरू नका. स्वस्त पीडब्ल्यूएम बोर्डला शॉर्टचं संरक्षण नसतं, आणि गाडी घसरली की चाकं दोन रूळ जोडून शॉर्ट करतातच. पॉलीफ्यूज नसेल तर जोडाची पट्टी तापून प्लास्टिक वितळतं. दुसरं, नव्या काही इंजिनांत कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असते. तिला कमी फ्रिक्वेन्सीचा पीडब्ल्यूएम मानवत नाही, ती गुणगुणते आणि तापते. २० किलोहर्ट्झच्या आसपासचा बोर्ड मागा.

जर्मनीचा पुरवठा २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, आपल्यासारखाच, नवा अडॅप्टर सरळ चालतो. फक्त बारीक पिन आपल्या सॉकेटमध्ये सैल बसतात, ठिणगी पडते. चांगला कन्व्हर्टर लावा. मार्कलिनचे जुने निळे २२० व्होल्टवाले ट्रान्सफॉर्मर बाजारात स्वस्त दिसतात, ते घेऊ नका. दिशा बदलण्यासाठी ते २४ व्होल्टचा झटका देतात. आपल्याकडे भिंतीतच २३०-२४० असल्यामुळे तो झटका आणखी वर जातो आणि आजच्या इंजिनातला डिकोडर (डिजिटल आदेश वाचणारी चिप) उडतो.

नेरळ_जंक्शन
कर. जपानमध्ये उपभोग कर १० टक्के. एका दुकानात एका दिवशी करापूर्वी ५,००० येनांवर खरेदी असेल तर करमुक्त, मूळ पासपोर्ट हवा, फोटोकॉपी नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: दुकानात कर भरायचा आणि देश सोडताना विमानतळावर कस्टम्सची खातरजमा झाल्यावर परतावा. त्यानंतर जात असाल तर गाड्या हाताशी ठेवा, दाखवायला सांगू शकतात.

जर्मनीत व्हॅट १९ टक्के. एका बिलावर ५० युरोंपेक्षा जास्त खरेदी हवी. दुकानातून निर्यातीचा फॉर्म घ्या आणि म्युनिक विमानतळावर बॅग चेक-इन पट्ट्यावर जाण्याआधी कस्टम्सचा शिक्का घ्या. चेक-इन बॅगेत माल असेल तर काउंटरवर तसं सांगा, टॅग लावून बॅग परत देतात, ती कस्टम्समध्ये दाखवून तिथूनच सोडायची. युरोपीय संघातल्या दुसऱ्या विमानतळावर विमान बदलणार असाल आणि माल हँडबॅगेत असेल तर शिक्का त्या शेवटच्या विमानतळावर. कोणी लंडनहून आणणार असेल तर तिथे २०२१ पासून पर्यटकांना व्हॅट परतावा नाही.

मुंबईत उतरल्यावर: बॅगेजची फ्री मर्यादा निघण्याआधी कस्टम्सच्या साइटवर बघून घ्या. २०१६ च्या नियमांत ती ५०,००० रुपये होती, आणि असे आकडे बदलत असतात. मर्यादा माणशी आहे, नवरा-बायकोची एकत्र जोडून एका महागड्या इंजिनाला लावता येत नाही. सगळी बिलं वर काढून ठेवा, ग्राहकाचं नाव असलेली असतील तर उत्तम. मर्यादा ओलांडली असेल तर सरळ रेड चॅनेलला जाऊन सांगा. कुरिअरने मागवायचा विचार मात्र सोडा. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०, आणि मॉडेल ट्रेन त्याच शीर्षकाखाली येतात. बॅगेतून आणणं यासाठीच महत्त्वाचं.

बॅग भरताना इंजिनं आणि मोटरचे डबे हँडबॅगेत, मूळ खोक्यात. रूळ चेक-इनमध्ये, कपड्यांत गुंडाळून. धुराचं तेल, लॅकर रंग, प्लास्टिकचा सॉल्व्हंट गोंद ज्वलनशील, कुठल्याच बॅगेत चालत नाही, दुकानात कितीही आकर्षक दिसो.

बोरघाट
+१. आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद. शनिवारीही बरीच दुपारीच बंद होतात. कामासाठी जाणाऱ्याला संध्याकाळचा एक-दीड तासच मिळतो, तेव्हा यादी लिहून न्या.

माथेरान_नॅरोगेज
विषयाला थोडं सोडून, पण जागा कमी असणाऱ्यांसाठी. १९०७ ची आपली नेरळ-माथेरान लाइन ६१० मिमी गेजची. ९ मिमी रुळावर तिची आठवण जागवायची तर ओओ९ (१:७६ प्रमाणातलं नॅरोगेज) घ्या, एचओई (१:८७ प्रमाणातलं) नको. ६१० ला ७६ ने भागलं की ८ मिमी, ८७ ने भागलं की ७. म्हणजे ओओ९ खऱ्या गेजच्या जवळ जातं. रूळ तेच ९ मिमीचे, वळणं आणखी लहान चालतात. गोरेगावकर आज जे काटोचे रूळ आणतील त्यावर पुढे हे सगळं धावेल.

सोल्डर_गन
वापरलेला माल आणि आपला पावसाळा, याबद्दल थोडं सविस्तर, कारण नुकसान इथेच होतं.

पोपोंदेत्तासारख्या दुकानात 'शिसो' म्हणजे चालवून दाखवा असं सांगता येतं. दोन्ही दिशांना, अगदी कमी वेगात चालवा. जोरात धावणारी गाडी काहीच सांगत नाही, रखडत रखडत चालली की घाण किंवा तडकलेलं गिअर कळतं. 'जंक' लिहिलेल्या खोक्यातला माल परत घेत नाहीत. इंजिनासोबत नंबरप्लेट, अँटेना अशा लावायच्या भागांची छोटी पिशवी असते, ती आहे का बघा, मागाहून मिळणं कठीण. चाकांवरचे रबरी टायर कडक झाले असतील तर नवे त्याच दुकानात घ्या, मुंबईत त्या मापाचे शोधत बसाल.

जर्मन बाजारातल्या जुन्या धातूच्या इंजिनांत ढाचा फुगलेला किंवा केसासारख्या चिरा पडलेल्या दिसल्या तर ठेवून द्या. जस्ताच्या मिश्रधातूचा तो रोग आहे, दुरुस्त होत नाही, आणि दमट हवेत वाढतो. मार्कलिनचे जुने पत्र्याचे एम-ट्रॅक रूळही नकोत, मुंबईत गंज धरतील. पितळी रूळही टाळा, त्यावर चढणारा थर वीज अडवतो. निकेल सिल्व्हरचेच घ्या, आणि दर काही आठवड्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती कापडाने पुसा. सँडपेपर कधीच नाही, ओरखड्यांत घाण साचून गाडी आणखी अडखळते.

जुन्या जपानी खोक्यातला युरेथेन फोम दमट हवेत चिकट होऊन रंगाला लागतो. बोटाने दाबून पाहा, चिकटला किंवा भुगा झाला तर गाडी काढून आम्लमुक्त कागदात गुंडाळा. खोक्यात सिलिका जेल, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा तरी गाडी दहा मिनिटं चालवा.

गोरेगाव_पूर्व
सगळ्यांचे मनापासून आभार. यादी अशी: काटो मूळ सेट लोकल १, वळणं ३१५ ची ८, सरळ २४८ चे ४, डावा पॉइंट (मार्ग दुभागणारा रूळ) १, टर्मिनल जॉइनर १ जोडी, रूळ पुसायचं साहित्य. म्युनिकमध्ये फक्त एनमधलं एक इंजिन.

नऊ_मिमी
पॉइंट या फेरीत काढून टाका. काटोचा ६ नंबरचा पॉइंट लांब आहे, बाजूला निघणारा मार्ग या टेबलावर अर्ध्यातच संपेल. ४ नंबरचा लहान आहे, तरी सायडिंगसाठी आणखी तुकडे आणि वळणं लागतात. त्या पैशांत २४८ च्या ४ तुकड्यांचं आणखी एक पाकीट घ्या, पुढे टेबल मोठं झालं की लागेल. युनिजॉइनरचं (काटोचे रूळ जोडणारे छोटे तुकडे) सुटं पाकीट नक्की घ्या, रोजच्या काढ-घालीत आधी तेच सैल होतात आणि मग दोष विनाकारण इंजिनाला जातो. म्युनिकच्या इंजिनाचं म्हणाल तर कपलरची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) खाच एनईएम ३५५ या युरोपीय मानकाची आहे का विचारा. असेल तर कपलर बदलता येतो आणि जपानी डब्यांनाही तो जोडण्याची सोय करता येते. इंजिनात डिकोडर आधीच बसवलेला असेल तर ते साध्या डीसीवर चालतं ना, हेही पैसे देण्याआधी दुकानात चालवून पाहा.