उंची ६ फूट २ इंच, वजन ११८ किलो: पंचवीस वर्षांनी पुन्हा सायकल घ्यायची आहे

प्रश्न

नमस्कार. माझे वय ४७ आहे. कॉलेज संपेपर्यंत मी वडिलांच्या २४ इंची काळ्या सायकलवर रोज कोथरूडहून शिवाजीनगरला जात असे. नोकरी लागली, स्कूटर आली आणि सायकल सुटली ती सुटलीच. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरुवात केली, तेव्हा एका दुकानदाराने पुढच्या चिमट्याला शॉकअप असलेली जाड टायरची सायकल ‘तुमच्या अंगकाठीला हीच बरी’ असे सांगून दिली. चार महिन्यांत मागच्या चाकाच्या तारा तीनदा तुटल्या, सीट वर ओढूनही गुडघे दुखतच राहिले आणि दुरुस्तीला नेली की दर वेळी माझ्या वजनाचा विषय निघे. शेवटी मी ती पार्किंगमध्ये लावून टाकली.

मला मनापासून पुन्हा सायकल चालवायची आहे. रोज शहरात दहा-बारा किलोमीटर, रविवारी खडकवासल्यापर्यंत आणि अंगात बळ आले की सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचे आहे. चाळीस हजारांपर्यंत खर्च करू शकतो. कोणत्या कंपनीची घ्यावी याहीपेक्षा, माझ्या उंचीच्या आणि वजनाच्या माणसाने सायकलमध्ये नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

तारा तुटल्या यात तुमचा काही दोष नाही, हे आधी मनावर घ्या. ते चाक नीट बांधलेले नव्हते. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या तारा क्षणभर सैलावतात आणि वर जाताना पुन्हा ताणल्या जातात. सव्वादोन मीटर घेराचे चाक एका किलोमीटरमध्ये साडेचारशेच्या आसपास फेरे घेते, म्हणजे तुमच्या रोजच्या बारा किलोमीटरमध्ये प्रत्येक तार पाच हजारांहून अधिक वेळा सैलावते आणि ताणली जाते. तारेला मुळात पुरेसा ताण असेल तर हे ती वर्षानुवर्षे सोसते. ताण कमी असेल तर मात्र जड माणसाखाली ती पूर्ण ढिली पडते, हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, अडकवलेल्या तिच्या बाकावर दर फेऱ्याला हिसका बसतो आणि एके दिवशी ती तिथेच तुटते. तुटलेली तार बदलून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून दिला, तरी उरलेल्या तारांची शीण आलेली अवस्था तशीच राहते. म्हणून तर तुमच्या तारा एकापाठोपाठ एक गेल्या.

माझा सल्ला असा आहे की फ्रेमच्या रंगापेक्षा आणि गिअरच्या संख्येपेक्षा मागच्या चाकाकडे पाहा. दुहेरी भिंतीची, म्हणजे आतून पोकळ अशा दोन थरांची, रिम आणि ३६ तारा असाव्यात. ३२ तारांचे चाकही चालते, पण ते चांगल्या हाताने बांधलेले हवे. दुसरी गोष्ट मागच्या दातेरी चकत्यांची: हबवर आट्यांनी बसवलेले फ्रीव्हील नको, हबच्या खाचांवर सरकवून बसवलेली कॅसेट हवी. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात, त्यामुळे ॲक्सलचा लांब भाग आधाराविना राहतो आणि जड माणसाखाली तो वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे बाहेरच्या टोकाजवळ असतात, म्हणून तो त्रास बहुतेक उरत नाही. बजेटमधले पाच-सहा हजार राखून ठेवा आणि चाके हाताने बांधणाऱ्या एखाद्या कारागिराकडून मागचे चाक करून घ्या. इतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मीही सहा फूट तीन इंच आहे, म्हणून मापाबद्दल लिहितो. तुम्हाला मिळालेली सायकल बहुधा मध्यम मापाची होती. लहान फ्रेमवर उंच माणूस सीटची नळी वर ओढत राहतो, पण त्या नळीवर किमान किती भाग फ्रेमच्या आत राहिला पाहिजे याची खूण असते. ती खूण बाहेर दिसू लागली की ११८ किलोंचा भार फ्रेमच्या तोंडाशी येतो आणि नळी किंवा फ्रेम तडकू शकते. हा धोका खरा आहे, तो अंगावर घेऊ नका.

घरी अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणले की पॅडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. हा आकडा सुरुवातीपुरताच आहे, पुढे पाच-दहा मिलिमीटर वर-खाली करावे लागतात. सीट खाली राहिली की दर फेऱ्याला गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीभोवती दुखते. तुमच्या दुखण्याचे कारण हेच असावे, तरी डॉक्टरांना विचारावे.

प्रतिसाद ३

मग पुन्हा २४ इंची काळी सायकल का घेऊ नये? तिच्या मागच्या चाकाला ४० तारा असत आणि आमच्या गावात तिच्यावर ज्वारीची पोती जात असत.

प्रतिसाद १ लिहिणारे

तिच्या चाकाबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे. पूर्वीचे कारागीर जे जाणत होते तेच मी सांगतो आहे. परंतु तिला एकच गिअर असतो, तिचे स्वतःचे वजन वीस किलोंच्या आसपास असते आणि पावसात भिजलेल्या लोखंडी रिमवर तिचे दांड्याचे ब्रेक धड लागत नाहीत. जड माणसाला उतारावर ब्रेक सर्वांत आधी लागतो. डिस्क ब्रेक, शक्यतो हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, असलेली, साध्या लोखंडी चिमट्याची हायब्रिड, म्हणजे शहरातल्या रस्त्यांसाठीची सरळ हँडलची, सायकल पाहा. स्वस्त सायकलींतल्या शॉकअपची स्प्रिंग हलक्या माणसाला धरून केलेली असते. तुमच्या वजनाखाली ती तळाला जाऊन टेकते, आणि दोन किलोंचे ओझे तेवढे उरते. गिअरमध्ये मागची मोठी चकती ३४ दात्यांची असेल तर चढावर गुडघ्यांना पुष्कळ आराम पडेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. माप ८९ सेंटिमीटर आले, म्हणजे सीटची उंची सुमारे ७८.६ सेंटिमीटर होते. जुन्या सायकलवर हे माप लावून पाहिले तेव्हा सीटच्या नळीवरची ती खूण फ्रेमच्या बाहेर आली. दोन प्रश्न उरले आहेत: टायर किती रुंद घ्यावेत, आणि कंपनी कमाल भार १२० किलो लिहिते तेव्हा मी त्यात बसतो का?

प्रतिसाद २ लिहिणारे

पुस्तिका नीट वाचा, कारण त्या आकड्यात अनेकदा सामान, आणि काही ठिकाणी सायकलही, धरलेली असते. पाण्याची बाटली, डबा, कुलूप आणि पाठीवरची पिशवी मिळून तुम्ही १२० च्या पलीकडे सहज जाल. मर्यादा याहून अधिक असलेलीच घ्या. टायर ३८ ते ४२ मिलिमीटरचे घ्या, मागच्यात पुढच्यापेक्षा अधिक हवा ठेवा, टायरच्या बाजूला छापलेली मर्यादा ओलांडू नका आणि दाबमापी असलेला पंप घरीच ठेवा. हवा कमी असताना खड्ड्यात चाक गेले की ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. नवे चाक दीडशे-दोनशे किलोमीटर चालले की ज्याने बांधले त्याच्याकडेच नेऊन तारांचा ताण पुन्हा सारखा करून घ्या. एवढे होईपर्यंत सिंहगडाचा पायथा थांबू द्या, खडकवासल्यापर्यंत मात्र खुशाल जा.