सोसायटीच्या हिशेबाच्या गुगल शीटमध्ये परस्पर फेरफार झाले आहेत. ती सुरक्षित कशी करावी?

सचिव_८४ यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यातील ८४ सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव आहे. देखभाल शुल्काचा हिशेब आम्ही गेली काही वर्षे गुगल शीटवर ठेवतो. आधीच्या समितीने सर्वांच्या सोयीसाठी ती शीट 'लिंक असलेल्या कोणालाही बदल करता येईल' अशी मोकळी ठेवली होती आणि लिंक व्हॉट्सॲप गटाच्या वर्णनात चिकटवून दिली होती. पदभार घेतल्यावर मीही ती व्यवस्था तशीच चालू ठेवली, ही माझी चूक मी मान्य करतो.

गेल्या आठवड्यात बी विंगमधील एक आजोबा हातात पावती घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी जूनमध्ये भरलेले ७,२०० रुपये शीटवर भलत्याच सदनिकेसमोर दिसत होते आणि त्यांच्या नावापुढे मात्र थकबाकी होती. नीट पाहिल्यावर लक्षात आले की, संपूर्ण विंगचे आकडे इकडचे तिकडे झाले आहेत. कोणीतरी केवळ रकमेचा रकाना निवडून तो चढत्या क्रमाने लावला होता आणि सदनिका क्रमांकांचा रकाना मात्र जागच्या जागी राहिला होता. हे मुद्दाम झाले की मोबाइलवर चुकून बोट लागले, हे सांगता येत नाही, कारण शीटमधील बदलांच्या नोंदींत बदल करणाऱ्याचे नाव नसून केवळ 'ॲनॉनिमस' (अनामिक) एवढेच दिसते.

दुसरी चिंता अधिक मोठी आहे. त्याच फाइलमध्ये सभासदांचे दूरध्वनी क्रमांक आणि भाडेकरूंचे आधार क्रमांक असलेले एक पान आहे. ते मी 'हाइड' करून ठेवले होते, तरीही एका सभासदाने आपण ते पाहिल्याचे सहज बोलता बोलता सांगितले. परवानगीशिवाय कोणी बदल करू नये, खासगी माहिती कोणाला दिसू नये आणि जुनी लिंक ज्यांच्याकडे आहे त्यांना आता आत येता येऊ नये, यासाठी नेमके काय करावे? सशुल्क सेवा घेण्याची आमच्या संस्थेची तयारी नाही.

जमाखर्च यांचे उत्तर

सर्वप्रथम एक विनंती: सरकलेले आकडे हाताने दुरुस्त करत बसू नका. संगणकावर 'फाइल' मेनूतील 'व्हर्जन हिस्टरी' उघडा, क्रम बिघडण्याच्या लगेच आधीची आवृत्ती शोधा आणि त्या आवृत्तीची स्वतंत्र प्रत काढा. 'रिस्टोअर' हे बटण मोहात पाडते. पण ते दाबल्यावर संपूर्ण फाइल त्या दिवसावर जाते आणि त्यानंतर खजिनदारांनी केलेल्या बरोबर नोंदीही दिसेनाशा होतात. त्याऐवजी प्रतीतील रकमेचा रकाना चालू शीटमध्ये आणून ठेवणे आणि नंतरच्या नोंदी बँकेच्या विवरणपत्रावरून ताडून घेणे हे काम एका संध्याकाळीत उरकते.

अर्थात त्याआधी दार बंद करायला हवे. 'शेअर' दाबल्यावर खालच्या बाजूला 'जनरल ॲक्सेस' दिसेल, तिथे 'रिस्ट्रिक्टेड' निवडा. लिंक तीच राहते, परंतु ज्यांचे ईमेल यादीत नाहीत त्यांना ती उघडल्यावर परवानगी मागण्याचे पान दिसते. म्हणजे व्हॉट्सॲप गटात पडलेली जुनी लिंक निरुपयोगी होते. त्यानंतर 'एडिटर', म्हणजे बदल करू शकणारे, म्हणून केवळ आपण आणि खजिनदार एवढेच ठेवा. त्याच चौकटीतील दातेरी चक्रात दोन खुणा असतात. पहिली एडिटरना इतरांना परवानगी देण्याची मुभा देते, ती काढून टाका. दुसरी केवळ पाहणाऱ्यांना डाउनलोड, छपाई आणि प्रत काढण्याचे पर्याय देते. तीही काढा, पण पडद्याचे छायाचित्र कोणीही घेऊ शकतो हे धरून चाला.

आता शीटच्या आतल्या कुलपाविषयी. 'डेटा' मेनूत 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस' आहे. त्यात संपूर्ण पान किंवा ठरावीक रकाने निवडून ते कोण बदलू शकेल हे ठरवता येते, किंवा बदलण्यापूर्वी केवळ इशारा दाखवण्याची सोय ठेवता येते. आमच्या संस्थेत सूत्रांचे रकाने, सदनिका क्रमांक आणि मागील वर्षाची पाने अशी बांधून ठेवली आहेत, कारण आमचा अनुभव असा आहे की वाईट हेतूच्या माणसापेक्षा घाईत असलेला खजिनदारच जास्त सूत्रे पुसतो. मात्र ही सोय सुरक्षेचा उपाय म्हणून वापरू नये, असे गुगलच्या मदत पानावरच स्पष्ट म्हटले आहे. ती बदल रोखते. पाहणे किंवा प्रत काढणे रोखत नाही.

आणि फाइलचा मालक कोण आहे, हे आधी तपासा. मालकाला कोणतेही आतले कुलूप अडवत नाही.

जुना_संगणकवाला यांचे उत्तर

वरील उत्तर हिशेबापुरते योग्य आहे. आधार क्रमांकांच्या बाबतीत मात्र मी अधिक कठोर बोलणार आहे.

'हाइड' हा शब्द फसवा आहे. स्वयंपाकघराच्या दाराला पडदा लावला म्हणून ते बंद होत नाही. लपवलेले पान कोणत्याही एडिटरला दोन टिचक्यांत उघडता येते आणि आपल्या शीटमध्ये तर लिंक असलेला प्रत्येक जण एडिटर होता. केवळ पाहण्याची परवानगी असलेल्यालाही, जर प्रत काढता येत असेल, तर तो स्वतःच्या प्रतीत ते पान उघडू शकतो, कारण त्या प्रतीचा मालक तोच असतो. म्हणून ज्यांनी जे पाहू नये ते त्यांच्यासोबत शेअर केलेल्या फाइलमध्ये असताच कामा नये. खासगी माहितीसाठी संपूर्णपणे वेगळी फाइल करा आणि ती दोघांपलीकडे कोणालाही देऊ नका.

इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. चालू फाइलमधून ते पान आज काढून टाकले तरी जुन्या आवृत्त्यांत ते शिल्लक राहते आणि उद्या नव्या समितीतील ज्याला आपण एडिटर कराल त्याला इतिहासातून ते वाचता येईल. उपाय उलटा आहे: हिशेबाची पाने तेवढी नव्या फाइलमध्ये न्या. नव्या फाइलबरोबर जुना इतिहास येत नाही. जुनी फाइल लेखापरीक्षणापुरती बंदिस्त ठेवा.

दोन फाइली झाल्यावर कोणीतरी उत्साही सभासद सुचवेल की, 'इम्पोर्टरेंज' या सूत्राने एकीतून दुसरीत नावे आपोआप आणू. ते करताना सावध राहा. दोन फाइलींमधील दुवा एकदा मान्य केला की, ज्या फाइलमध्ये माहिती येते तिचा कोणताही एडिटर सूत्रातील पत्ता बदलून मूळ फाइलचा कोणताही भाग ओढून आणू शकतो. आपल्याला वाटते आपण खिडकी उघडली, प्रत्यक्षात भिंतच पाडलेली असते.

आणखी एक आडवाट म्हणजे 'पब्लिश टू वेब'. शेअरच्या चौकटीत 'रिस्ट्रिक्टेड' केले तरी पूर्वी कोणी फाइल वेबवर प्रकाशित केली असेल, तर ते पान वेगळ्या पत्त्यावर चालू राहते. 'फाइल' मेनूतील 'शेअर'खाली जाऊन प्रकाशन थांबवावे लागते. 'लिंक कोणाला ठाऊक असणार' या भरवशावर राहणाऱ्यांनी २०१८ चा जुलै महिना आठवावा: रशियातील यांडेक्स या शोधयंत्राच्या निकालांत लोकांच्या खुल्या ठेवलेल्या गुगल दस्तऐवजांची रांग लागली होती आणि त्यात अंतर्गत कामाची कागदपत्रेही होती. तेव्हा कोणी कोणाचे खाते फोडले नव्हते. दस्तऐवज मुळातच खुले होते आणि यंत्राने ते वाचले, एवढेच.

खरे विचाराल तर, पूर्ण आधार क्रमांक संस्थेने टंकलिखित करून ठेवण्याचे काही कारणच दिसत नाही. भाडेकरूकडून केवळ शेवटचे चार अंक दिसणारे, म्हणजे 'मास्क्ड' आधार घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे की, कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम संपल्यावर ती बाळगू नये.

गच्चीवरून यांचे उत्तर

मी कोणत्याही समितीत नाही, साधा सभासद आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या संस्थेत असाच एक घोळ झाल्यावर समितीने शीट बंद केली आणि त्यानंतर आठ महिने कोणालाही हिशेब दिसला नाही. विचारले की 'सुरक्षेचा प्रश्न आहे' हे उत्तर मिळे. लिफ्टच्या दुरुस्तीवर किती खर्च झाला, यात सुरक्षेचा प्रश्न कसला? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि संस्थेच्या दप्तरातील स्वतःच्या व्यवहारांचा भाग पाहण्याचा हक्क आहे. कायद्याने इथे जी रेघ ओढली आहे ती शीटवरही ओढता येते: संस्थेचा जमाखर्च सर्वांना दिसावा आणि सदनिकानिहाय खाते त्या त्या सभासदाला दिसावे.

आम्ही शेवटी भांडून एक तोडगा काढला. दरमहा जमाखर्चाची पीडीएफ गटात येते आणि तिची प्रत सूचनाफलकावर लागते. प्रत्येकाचा खातेउतारा त्याच्या ईमेलवर स्वतंत्रपणे जातो. त्यामुळे मूळ शीट कोणाला पाहावीशीही वाटत नाही. पीडीएफमध्ये बदल करता येऊ नये म्हणून आमच्या खजिनदारांनी तिला पासवर्ड लावला आहे. परंतु उघडण्याचा पासवर्ड आणि संपादन रोखणारा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी असून, दुसरा न जुमानणारी साधने भरपूर आहेत. फलकावर सही-शिक्क्याची प्रत असल्यावर गटातील पीडीएफमध्ये कोणी काही खाडाखोड केली तरी ती टिकत नाही, हे मला त्या पासवर्डपेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

सचिव_८४

सर्वांचे आभार. मालकाविषयीची सूचना वाचून तपासले, तेव्हा धक्काच बसला. फाइल माजी सचिवांच्या वैयक्तिक खात्यावर आहे आणि ते सदनिका विकून मुलीकडे कॅनडात राहायला गेले आहेत. माणूस अत्यंत सज्जन आहे, पण त्यांनी एखाद्या दिवशी जागा मोकळी करताना ती फाइल काढून टाकली असती, तर काय झाले असते? शिवाय एक्सेलमध्ये सर्व उतरवून त्याला पासवर्ड लावावा, असे आमच्या खजिनदारांचे मत पडले. त्यावरही कृपया सांगावे.

जमाखर्च

काढून टाकलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते आणि नंतर कायमची जाते. तोपर्यंत मालकच ती परत आणू शकतो. त्यांना शेअरच्या चौकटीत आपल्या नावासमोर 'ट्रान्सफर ओनरशिप' निवडायला सांगा. वैयक्तिक खात्यांत ते एका बाजूने पूर्ण होत नाही, आपल्याला आलेले निमंत्रण आपण स्वीकारावे लागते. शक्य असल्यास संस्थेच्या नावाने एक स्वतंत्र खाते उघडून, त्याला दुहेरी पडताळणी लावून, मालकी तिथेच न्यावी, म्हणजे समिती बदलली तरी फाइल हलवावी लागणार नाही.

एक्सेलमध्ये दोन प्रकारचे पासवर्ड असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. 'प्रोटेक्ट शीट'चा पासवर्ड केवळ चुकीचे बोट अडवतो. एक्सेलची नेहमीची एक्सएलएसएक्स फाइल ही मुळात झिप केलेली एक पेटी असते. ती उघडून आतल्या मजकुरातील संरक्षणाची ओळ पुसली की कुलूप गेले. 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' हा मात्र खरा उपाय आहे, कारण त्यात संपूर्ण फाइलच सांकेतिक होते. तो पासवर्ड विसरल्यास मायक्रोसॉफ्टही तो परत मिळवून देऊ शकत नाही. भाडेकरूंच्या माहितीसाठी ही पद्धत चांगली; रोज दोघांनी नोंदी करायच्या हिशेबासाठी ती गैरसोयीची ठरेल, कारण मग ईमेलवरून 'अंतिम', 'अंतिम २' आणि 'खरेच अंतिम' अशा फाइली फिरू लागतात.

सचिव_८४

काम झाले, म्हणून कळवतो. माजी सचिवांशी रविवारी रात्री बोलणे झाले आणि त्यांनी फोनवरच मालकी संस्थेच्या नव्या खात्याकडे दिली. हिशेबाची नवी फाइल केली, भाडेकरूंची माहिती एन्क्रिप्ट केलेल्या एक्सेलमध्ये हलवली आणि आधार क्रमांकांचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे काढून टाकले. जुनी फाइल रात्री साडेअकराला 'रिस्ट्रिक्टेड' केली. तपासण्यासाठी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे माझे खाते उघडे नसलेल्या खिडकीत, जुनी लिंक उघडून पाहिली, तेव्हा आत जाता आले नाही. 'पब्लिश टू वेब' मात्र खरोखरच चालू होते, ते थांबवले. आजोबांचे ७,२०० रुपये त्यांच्या खात्यावर परत दिसू लागले असून, त्याचा उतारा त्यांना छापून दिला आहे.

सकाळी संस्थेच्या खात्यावर जुन्या फाइलची परवानगी मागणारे अकरा ईमेल आले होते. नऊ सभासदांचे आहेत. त्यांना नव्या पीडीएफविषयी कळवले. उरलेले दोन पत्ते सभासद नोंदवहीत नाहीत, भाडेकरूंच्या यादीत नाहीत आणि चौकीदारापासून लेखापरीक्षकांपर्यंत कोणीही ते ओळखत नाही. त्यांना परवानगी दिलेली नाही. ते दोन्ही ईमेल छापून पुढील समिती सभेच्या विषयपत्रिकेला जोडले आहेत.