डांगी गायीला एचएफ भरवावी का?

इगतपुरीकर
आमच्याकडे तीन डांगी (आपल्या पावसाळी डोंगरपट्ट्यातली देशी जात) गाया आहेत. वडील सत्तरीचे, मी नाशिकला कंपनीत. गाय दोन-अडीच लिटर देते, त्यातलं निम्मं वासरूच पितं. धाकटा भाऊ म्हणतो, एचएफचं (होल्स्टीन, परदेशी दुधाळ जात) सिमेन भरू, पुढची पिढी तरी दुधाची निघेल. वडील दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. गावात डांगी वळू उरलेला नाही. काय करावं?

प्रवराकाठ
भाऊ, मी अकोले तालुक्यातला (नगरकडचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे). 2019 ला मी हेच केलं. गोऱ्हा झाला. काळा-पांढरा, देखणा, आलागेला थांबून बघायचा. तिसऱ्या वर्षी मानेवर जू ठेवलं तर मागं सरकायला लागलं. वशिंड नावापुरतं, जू अडणार कशाला? चिखलणीला अर्ध्या खाचरात बसला. विकायला काढला तर गिऱ्हाईक नाही. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून निकामी बैलाला बाजारच राहिला नाही. अजून दावणीला आहे, खातोय मजेत.

कालवड झाली असती तर? शेजाऱ्याला झाली. दहा लिटर देते, पण आषाढात खुरं कुजतात, गोठ्याबाहेर काढायची सोय नाही. आमची डांगी त्याच पावसात दिवसभर डोंगराला असते. तुमच्या गायीच्या पाठीवरून हात फिरवा, तेलकट लागेल. पाणी ठरतच नाही अंगावर. खूर काळं, गारगोटीसारखं.

दूध पाहिजेच असेल तर संकरित गाय वेगळी घ्या, खुराकाचा आणि डॉक्टरचा हिशोब आधी मांडून. डांगीच्या पोटी ते नको. वळूसाठी राजूरच्या डांगी प्रदर्शनाला जा, मालकांशी बोला. आम्ही पाच घरांनी मिळून एक गोऱ्हा खच्ची न करता ठेवलाय. वर्षाला एकेका घरी असतो. तीन वर्षांनी बदलायचा मात्र, नाहीतर स्वतःच्याच कालवडींवर जातो.

टिलरवाला
वळू-बिळू ठीक, पण बैल हवेत कोणाला? आमच्या वाडीत नऊ जोड्या होत्या, पॉवर टिलर आल्यावर दोन राहिल्या. डांगीचा भाव बैलावर, दुधावर नाही. 2024 ला सरकारनं देशी गायीला राज्यमाता केलं, दिवसाला 50 रुपये जाहीर केले, तेही गोशाळेतल्या गायीला. आपल्या दावणीच्या गायीला काय, नमस्कार?

घोटीची सून
टिलर शेण टाकतो का दादा? आमचा भाताचा राब (रोपं टाकायची जागा) तीन गायांच्या शेणावर भाजतो, विकत आणायचं तर परवडेल का? आणि वरच्या उतारावरच्या नागलीच्या वावरात टिलर चढवून दाखवा एकदा. दूध आम्ही विकतच नाही. तूप होतं, ते पाहुण्यांना पुरतं.

इगतपुरीकर
काल वडिलांना फोनवर वळूचं सांगितलं. म्हणाले, पलीकडच्या पाड्यावर एक आहे, पण त्याचा मालकही पुढच्या वर्षी खच्ची करणार म्हणतोय. भावाला रविवारी तिकडं पाठवतोय. प्रवराकाठ, तीन वर्षांनंतर जुन्या वळूचं काय करता?

प्रवराकाठ
दुसऱ्या गावाच्या वळूशी अदलाबदल. पैसे नाहीत, फक्त टेम्पोचं भाडं निम्मं-निम्मं. मालकाला आत्ताच अडवा, एकदा खच्ची झाला की संपलं.