मदत हवी आहे: ऑफिसच्या पीसींना वेगळी टीपीएम चिप घ्यावी की प्रोसेसरमधली पुरे?

नमस्कार मंडळी,

सीए ऑफिस आहे, जुने पीसी बदलायचेत. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि ११ला टीपीएम २.० (मशीनच्या गुप्त किल्ल्या जपणारा सुरक्षा-भाग) लागतं. क्लायंटची पॅन, बँक स्टेटमेंटं मशीनवरच असतात, म्हणून बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावायचाच आहे.

एक दुकानदार म्हणतो, इन्फिनियनची वेगळी चिप असलेलंच मॉडेल घ्या, प्रोसेसरमधलं टीपीएम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर. दुसरा म्हणतो, इंटेलचं पीटीटी किंवा एएमडीचं एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधलं टीपीएम, प्रोसेसरबरोबर येतंच, चिपचे पैसे कशाला? वर त्याने 'प्लुटॉन' हे तिसरंच काढलं.

वाचायला बसलो तर गोंधळ वाढला. २०१७मध्ये इन्फिनियनच्या चिपमध्ये 'रोका' ही त्रुटी निघाली. २०१९च्या 'टीपीएम-फेल' या त्रुटीत इंटेलचं प्रोसेसरमधलं टीपीएम आणि एसटीमायक्रोची वेगळी चिप दोन्ही सापडले. मग निवडायचं कशावरून?

प्रतिसाद १
कोण काय विकतोय ते आधी बघा. इन्फिनियन, एसटी, तैवानची नुवोटॉन यांचा धंदाच चिपचा. इंटेल-एएमडीने तेच काम प्रोसेसरमध्ये देऊन त्यांच्या घरगुती बाजाराला कात्री लावली. सॉफ्टवेअरवाल्यांचं तर विचारूच नका: टीपीएम सांभाळायची सॉफ्टवेअरं विकणारी वेव्ह सिस्टिम्स २०१६मध्ये दिवाळखोरीत गेली. बिटलॉकर विंडोजबरोबर मिळत असताना वेगळे पैसे कोण मोजणार!

वेगळ्या चिपची एक दुखरी नस आहे. मशीन सुरू होताना बिटलॉकरची किल्ली चिपमधून प्रोसेसरकडे तारांवरून जाते, ती वाटेत पकडता येते. २०२४मध्ये एकाने रास्पबेरी पाय पिकोसारख्या स्वस्त बोर्डाने एका जुन्या लॅपटॉपची किल्ली मिनिटभरात काढून दाखवली. मायक्रोसॉफ्टने २०२०मध्ये जाहीर केलेलं प्लुटॉन प्रोसेसरच्या आतच बसतं ते याचसाठी. पण एएमडीचं एफटीपीएमही २०२३मध्ये संशोधकांनी फोडलं. त्याला मशीन काही तास हातात लागतं, एवढंच. दोन्हीकडे बचाव तोच: बिटलॉकरला टीपीएमच्या जोडीला लांब पिन (मशीन सुरू करताना टाकायचा गुप्त आकडा) लावा. तुमच्यासाठी आतलं टीपीएम पुरेसं आहे.

प्रतिसाद २
+१. आणि मदरबोर्डवर नंतर खोचायचं सुटं टीपीएम मॉड्यूल तर अजिबात घेऊ नका, बोर्डागणिक त्याच्या जोडणीच्या पिना बदलतात. २०२१मध्ये विंडोज ११ जाहीर झाल्यावर लोक ती वाट्टेल त्या भावाने घेत होते, आणि बहुतेकांच्या बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी नुसतं बंद ठेवलेलं होतं. पूर्ण बिटलॉकर होम आवृत्तीत नाही, प्रो घ्या. रिकव्हरी की (बिटलॉकरची राखीव किल्ली) छापून तिजोरीत ठेवा. बायॉस अपडेटनंतर मशीन ती मागू शकतं.

धागाकर्ता
आभार! पण सकाळी मशीन ऑफिसबॉय चालू करतो. त्याला सगळ्यांचे पिन द्यायचे का?

प्रतिसाद १
नको! ऑफिसात विंडोज सर्व्हर असेल तर 'नेटवर्क अनलॉक' बघा. ऑफिसच्या केबलवर मशीन पिनशिवाय उघडतं, बाहेर नेलं की पिन मागतं. सर्व्हर नसेल, तर ज्याचं मशीन त्यानेच चालू करावं.