दोन गार्ड आणि एक बॉल : आणायचा कुणी, चाल कुणी सुरू करायची?

डिचोलीचे पीटी सर

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी पीटी शिकवतो आणि गेली १४ वर्षं मुलींचा बास्केटबॉल संघ बघतो. प्रश्न लांबलाय, पण तपशील दिल्याशिवाय कुणी नेमकं काही सांगू शकणार नाही.

यंदा माझ्याकडे दोन गार्ड (बॉल पुढे आणून खेळ चालवणाऱ्या खेळाडू) आहेत आणि दोघीही चांगल्या. एरवी एक मिळायची मारामार. ४ नंबरची मुलगी उंचीने कमी, पण पाय विजेसारखे आणि ड्रिबल दोन्ही हातांनी सारखा. अंगावर दोघी धावून आल्या तरी हिच्या हातचा बॉल सुटत नाही. मात्र हाफलाइन ओलांडली की मान खाली जाते. रिंगखाली कुणी मोकळी उभी असली तरी हिला दिसत नाही, ही आपली ड्रिबल करत कोपऱ्यात शिरते. ७ नंबर हिच्या बरोबर उलट. डावा हात कच्चा, प्रेस (समोरच्यांनी बॉल आणतानाच अंगावर येऊन अडवणं) आला की गडबडते. पण कोण मोकळी होणार हे तिला ती मोकळी व्हायच्या आधीच कळतं, आणि शूट सगळ्या संघात तिचाच भरवशाचा.

आजवर मी दोघींना आळीपाळीने बॉल आणायला सांगत होतो. एकदा हिने, एकदा तिने. दोघीही एकाच पाड्यावरच्या, एकाच बसने येणाऱ्या, एकीला जास्त दिलं असं दुसरीला वाटू नये हा माझा हेतू.

परवाच्या सामन्यात या हेतूचं काय झालं ते सांगतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या सेंटरने (रिंगखाली खेळणारी उंच मुलगी) उत्तम रिबाउंड घेतला, म्हणजे रिंगवरून परतलेला बॉल पकडला. दोन्ही गार्ड तिच्याकडे धावल्या, दोघींनी हात पुढे केले. सेंटरने हिच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि बॉल दोघींच्या मधोमध सोडला. दोघींच्याही बोटांना लागून तो साइडलाइनबाहेर गेला. त्यानंतर दोनदा ८ सेकंदांचं व्हायोलेशन (तेवढ्या वेळात बॉल हाफलाइनपलीकडे न नेल्याचा नियमभंग), दोन्ही वेळा बॉल ७ नंबरकडे होता. सामना आम्ही ३ गुणांनी हरलो. परतताना बसमध्ये ७ नंबर खिडकीला डोकं टेकून बसलेली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "सर, तेव्हा माझाच टर्न होता." त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही, कारण चूक तिची नव्हतीच.

सरावाची अडचणही सांगतो. आमचं कोर्ट उघडं, सिमेंटचं. पावसात त्यावर शेवाळ धरतं, ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं तरी आठ दिवसांत परत येतं. जूनपासून गणेश चवथीपर्यंत आम्ही शाळेच्या हॉलमध्ये फक्त पासिंग आणि जागेवरचा ड्रिबल करतो. पाच विरुद्ध पाच खेळायला मिळतं ते चवथीनंतर. म्हणजे जे काही ठरवायचं ते थोडक्या दिवसांत मुलींच्या अंगवळणी पडेल इतकं सोपं हवं.

एकीलाच कायमची पॉइंट गार्ड (बॉल आणून चाल ठरवणारी मुख्य गार्ड) करू का? की वाटणीची दुसरी काही रीत आहे?

फोंड्याचा जुना २ नंबर

सर, आळीपाळी आजच बंद करा. समोरचा संघ काही आळीपाळीने प्रेस करत नाही. त्यांना तुमची कच्ची गार्ड कळली की तिच्याच टर्नला ते दोघी पाठवणार, आणि तुमच्या बाबतीत तेच झालेलं दिसतंय.

माझ्या मते तुम्ही दोन कामं एकच समजताय. बॉल हाफलाइनपलीकडे सुखरूप नेणं हे एक काम. तिथून चाल सुरू करणं, कुणाला कुठे बॉल द्यायचा ते ठरवणं, हे दुसरं. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे: पहिलं काम ४ नंबरचं, दुसरं ७ नंबरचं. ४ ने बॉल आणायचा, ७ ने विंगवर (बाजूला) वर येऊन घ्यायचा, आणि चाल तिच्या हातून सुटायची.

मात्र एक गोष्ट फार महत्त्वाची. पास दिल्यावर ४ ने उभं राहायचं नाही. मी स्वतः कॉलेजच्या संघात दुसरा गार्ड होतो. आमचे कोच सगळा बॉल एकाच्याच हातात देत आणि मला डाव्या कोपऱ्यात उभं करत. तिथे उभं राहून राहून हात थंड पडायचे. कधी बॉल आलाच तर तो शेवटच्या क्षणी, समोर माणूस आणि घड्याळात चार सेकंद. मी शूट मारायचो, तो रिंगच्या पुढच्या कडेला लागायचा, आणि पुढच्या वेळी बॉल आणखी उशिरा यायचा. तीन वर्षं असं खेळलो. खेळ सोडला तेव्हा बॉलशिवाय काय करायचं हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

म्हणून ४ नंबरला पास दिल्यानंतरचं काम द्या. पास दिला की सरळ रिंगकडे कट (बचावातून पळत आत शिरणं), बॉल मिळाला तर लेअप (रिंगजवळून हलकेच टाकलेला शूट). नाही मिळाला तर तशीच पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं, किंवा वाटेत सेंटरला अडवणाऱ्या मुलीला स्क्रीन लावायचा, म्हणजे तिच्या वाटेत आडवं उभं राहायचं. तिचे पाय जलद आहेत ना, मग ते पाय बॉलशिवाय वापरा. आणि ७ ला पास मिळू नये म्हणून तिला अडवणारी मुलगी पुढे येऊन हात घालत असेल, तर तिने बॉलकडे दोन पावलं येऊन एकदम मागून रिंगकडे पळायचं. दोनदा असं झालं की अडवणारी आपोआप मागे सरकते.

मोठ्या संघांतही बॉल आणणारा आणि चाल करणारा एकच असतो असं नाही. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये २०१५-१६ साली गोल्डन स्टेट संघाने ७३ सामने जिंकले. त्या हंगामात संघात सर्वांत जास्त असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास) त्यांचा गार्ड स्टीफन करीचे नव्हते, ड्रेमंड ग्रीनचे होते, सामन्यामागे ७.४. ग्रीन गार्ड नव्हे, फॉरवर्ड आहे. बॉल त्याच्या हातात द्यायचा आणि करीने स्क्रीनभोवती पळत राहायचं. सगळ्या बचावाचे डोळे करीवर, त्यात इतरांना मोकळीक. करीसारखा ड्रिबल करणारा माणूस बॉल दुसऱ्याला देऊन पळतो, तर आपल्या मुलींना ते सांगायला संकोच का वाटावा?

म्हापशाची शिट्टी

मी पंचगिरी करतो, त्यामुळे डावपेचांत फार शिरत नाही. पण ८ सेकंदांबद्दल लिहायलाच हवं. सामन्यांत दर वेळी दिसतं की कोचना नियम अर्धाच ठाऊक असतो.

कोर्ट २८ मीटरचं, म्हणजे आपला अर्धा भाग १४ मीटरचा. तेवढं अंतर सावकाश ड्रिबल करतही ८ सेकंदांत कापता येतं. वेळ खातो तो सुरुवातीचा घोळ. रिबाउंडनंतर कुणाला द्यायचा हे ठरण्यातच तीन सेकंद जातात, मग घाई, मग ट्रॅप (दोघींनी मिळून घेरणं). रिबाउंड हातात आला की ८ ची मोजणी सुरू. थ्रो-इन (बाहेरून बॉल आत टाकणं) असेल तर आतल्या खेळाडूचा बॉलला स्पर्श झाल्यावर सुरू. बाहेरून टाकणारीला वेगळे ५ सेकंद असतात, ते शांतपणे वापरावेत.

ड्रिबल करणारीचे दोन्ही पाय आणि बॉल, तिन्ही पुढच्या अर्ध्यात गेल्याशिवाय ओलांडलं असं धरत नाहीत. कित्येक मुली एक पाय लाइनपलीकडे ठेवून निवांत होतात आणि मी मोजतच असतो. आणखी एक: तुमच्या मागच्या अर्ध्यात समोरच्या मुलीच्या हाताला लागून बॉल बाहेर गेला, तर थ्रो-इन तुम्हालाच मिळतो, पण ८ नव्याने मिळत नाहीत. उरलेले तेवढेच. यावर कोच आमच्याशी भांडतात, म्हणून आधीच सांगतो.

उपयोगाची गोष्ट ही: चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बॉल तुम्हाला मागच्या अर्ध्यात मिळणार असेल आणि तुम्ही टाइमआउट घेतला, तर थ्रो-इन पुढच्या अर्ध्यातून घ्यायचा की मागून, हे कोच ठरवू शकतो. प्रेसला घाबरणारी गार्ड मैदानात असेल तर एक टाइमआउट तेवढ्यासाठी राखून ठेवा. बॉल आणायचा प्रश्नच मिटतो.

वास्कोची ११ नंबर

सर, तुमच्या ७ नंबरच्या वाक्यावर मीही थांबले. मी गार्ड म्हणून खेळले आहे, आता कामावरून आल्यावर वाड्यातल्या मुलींना शिकवते.

फोंड्याच्या दादांचं बरंचसं पटलं, एक पटलं नाही. तुमच्या मुली शाळेतल्या आहेत. आजपासून ७ ने बॉल आणायचाच नाही असं ठरवलं, तर तिचा डावा हात कधी सुधारणार? आणि ४ ने चाल कधी करायचीच नाही, तर तिची मान कधी वर येणार? सामन्यात वाटणी करा, सरावात मुद्दाम उलटी करा. सरावात ७ ने प्रेसमधून आणायचा आणि ४ ने विंगवर उभं राहून पास शोधायचा. ४ ला मी एक करायला लावीन: ती ड्रिबल करत असताना रिंगखाली उभं राहून तुम्ही बोटं दाखवा, तिने चालता चालता किती ते ओरडून सांगायचं. आमच्या वाड्यात दोन आठवड्यांत फरक पडला.

दुसरं म्हणजे विश्रांती. पूर्ण सामना ४० मिनिटांचा धरला तर दोघींनाही प्रत्येकी पाच-सहा मिनिटं बाहेर बसवावंच लागतं, आणि पाच फाउल होऊन बाहेर जावं लागण्याचीही भीती. दोघींना एकाच वेळी कधी बसवू नका. एक बाहेर तेव्हा दुसरी आत. एनबीएतल्याच ह्यूस्टन संघाने २०१७-१८ मध्ये जेम्स हार्डन आणि ख्रिस पॉल यांना असंच खेळवलं. दोघं एकत्रही खेळायचे, पण एक बसला की दुसरा मैदानात, त्यामुळे बॉल जवळजवळ सतत जाणत्या हातात. ६५ सामने जिंकले. मग वेस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या पश्चिम गटाच्या) अंतिम फेरीत सात सामन्यांच्या मालिकेत ३-२ ने पुढे असताना पॉलचा मांडीमागचा स्नायू दुखावला, आणि पुढचे दोन्ही सामने ह्यूस्टन हरलं. शेवटच्या सामन्यात त्यांचे ओळीने २७ थ्री-पॉइंटर (लांबून मारायचे तीन गुणांचे शूट) चुकले. बॉल आणणं, चाल करणं, शूट, सगळं एका माणसावर पडलं की पाय जड होतात, मग तो हार्डन असला तरी.

आणि प्रेस मोडताना ७ ला ड्रिबल देऊच नका, तिला एंडलाइनबाहेरून बॉल आत टाकायला लावा. कोच हे काम जी मोकळी असेल तिला देतात, ते चुकीचं आहे. जिची नजर सर्वांत चांगली तिचंच ते काम. बास्केट झाल्यावर एंडलाइनमागे पळायची मुभा असते, तीही वापरू दे. टाकून झालं की तिने आत येऊन बॉलच्या मागेच राहायचं. ४ वर ट्रॅप आला तर मागे पास द्यायला कुणीतरी हवं.

डिचोलीचे पीटी सर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून दुसऱ्याच दिवशी दोन्ही मुलींना हॉलच्या पायरीवर बसवलं आणि खडूने फरशीवर कोर्ट काढलं. आधी सांगून टाकलं की परवाची चूक माझी होती, टर्नची पद्धत मी लावली होती. ७ नंबर काही बोलली नाही, पण खडू तिने माझ्या हातून घेतला आणि कट कुठून जाईल ते स्वतः काढलं.

आता ठरलंय ते असं. समोरच्यांची बास्केट झाली की ७ बाहेरून टाकणार, ४ घेणार, ७ मागे राहणार. रिबाउंड आमचा असेल तर ज्या बाजूला बॉल पडला त्या बाजूची गार्ड साइडलाइनकडे जाऊन हात वर करणार आणि दुसरीने वळून न बघता पुढे पळायचं. रिबाउंडला मात्र ७ ही बॉल आणेल. वास्कोच्या ताईंचं पटलं, शिवाय तिथे प्रेस बसायला समोरच्यांना वेळ मिळत नाही. हाफलाइननंतर चाल ७ ची. बोटं ओरडून सांगायचा सराव कालपासून चालू आहे. ४ ला पहिल्या दिवशी दहातली तीनच दिसली, काल सहा.

शुक्रवारी उघडीप होती म्हणून कोर्ट घासून अर्धा तास पाच विरुद्ध पाच खेळलो. मुलग्यांना प्रेस करायला लावलं. सहा वेळा बॉल आणला, चार वेळा सुखरूप पोचला. उरलेल्या दोन्ही वेळी एकच गोष्ट घडली: ४ वर ट्रॅप, मागे ७ वरही माणूस चिकटलेला, आणि ४ ड्रिबल थांबवून बॉल धरून उभी. पंचसाहेब, तिथे ५ सेकंदांचंही बघायला हवं ना?

म्हापशाची शिट्टी

हो. बॉल धरून उभी आहे आणि समोरची मीटरभराच्या आत सक्रिय बचाव करतेय, तर ५ सेकंदांच्या आत पास, शूट किंवा ड्रिबल. तिचा ड्रिबल आधीच संपलाय, म्हणजे पासच उरला.

फोंड्याचा जुना २ नंबर

सर, मग तिसरं माणूस लागेल. ट्रॅप दिसला की सेंटरने मधल्या वर्तुळात यायचं. उंच असल्याने दोघींच्या डोक्यावरून पास तिलाच पोचतो. मिळाला की वळून पुढे बघायचं. तिथून तुम्ही तिघी, समोर दोघी.

डिचोलीचे पीटी सर

सेंटरला आजवर मी सांगत आलोय की बॉल खाली टेकवूच नकोस, मिळाला की गार्डला दे. आज सकाळी तिला मधल्या वर्तुळात उभं केलं. चार वेळा बॉल घेऊन ती वळली आणि चारही वेळा माझ्याकडे बघून थांबली. पाचव्यांदा ७ नंबर पलीकडून ओरडली, "टेकव गो, टेकव!" तिने दोन ड्रिबल घेतले आणि पुढे ४ ला पास दिला. सोमवारपासून तिलाही दोघींच्या रांगेत ड्रिबलला उभी करतोय.