फॉरवर्ड ब्लॉक आणि विदर्भ: पक्षाचा मूळ कार्यक्रम काय होता?

दारव्हेकर (प्रश्न)
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोटे यांचा विषय निघाला की जुनी मंडळी फॉरवर्ड ब्लॉकचे नाव हमखास घेतात. पक्षाची खूण वाघ होती असे एक आजोबा सांगतात, वाघ नव्हे सिंह असे दुसरे ठासून सांगतात, आणि पारावर दोघेही माघार घेत नाहीत. हा पक्ष नेताजींनी स्थापन केला आणि पुढे तो बंगालमधील डाव्या आघाडीत होता, एवढेच मला ठाऊक आहे. राष्ट्रवादी म्हणवणारा हा पक्ष इकडे कसा आला, आणि वेगळ्या विदर्भाची मागणी त्याच्या कार्यक्रमात खरोखर होती का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सेलू-वर्धा
दोन्ही आजोबांचे बरोबर आहे, कारण झेंड्यावर झेपावणारा वाघ असे आणि निवडणूक चिन्ह सिंह.

पक्षाचा उगम बंगालइतकाच आपल्या जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडाशीही जोडलेला आहे. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळच्या त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा जबलपूर याच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. पट्टाभी सीतारामय्या यांचा पराभव करून सुभाषबाबू अध्यक्ष झाले होते, परंतु कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा ठराव तेथे मंजूर झाल्याने त्यांचे हात बांधले गेले. २९ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला आणि ३ मे रोजी फॉरवर्ड ब्लॉकची घोषणा केली. सुरुवातीस हा वेगळा पक्ष नव्हता. काँग्रेसमध्ये राहूनच डाव्या व जहाल गटांना एकत्र आणावे, असा त्यामागील विचार होता.

जून १९४० मधले पक्षाचे अखिल भारतीय अधिवेशन नागपुरातच झाले, ही गोष्ट इकडे फारशी सांगितली जात नाही याचे मला नवल वाटते. ‘सर्व सत्ता भारतीय जनतेकडे’ ही घोषणा तेथलीच. इंग्रजांशी तडजोड नको, महायुद्धाच्या काळातच लढा तीव्र करावा आणि स्वातंत्र्यानंतरची घडी समाजवादी असावी, हा कार्यक्रमाचा गाभा होता. म्हणून या पक्षाचा राष्ट्रवाद साम्राज्यविरोधी आणि समाजवादी, असा दुहेरी समजावा. १९४२ मध्ये सरकारने पक्षावर बंदी घातली.

मूर्तिजापूरचा वाचक
वरील माहिती योग्य आहे, परंतु विदर्भाच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. वेगळा विदर्भ हा नेताजींच्या काळातील कार्यक्रमाचा भाग नव्हता. ती मागणी स्वतंत्रपणे वाढत आली होती. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने तिला अनुकूल शिफारस केली आणि तरीही १९६० मध्ये विदर्भ महाराष्ट्रात राहिला, तेव्हा त्या असंतोषाला आवाज देणारा नेता लोकांना हवा होता. विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावणारे आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठासाठी रस्त्यावर उतरलेले धोटे म्हणजे कापूसवाल्यांना हक्काचा माणूस वाटला. (ते विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले.) १९७१ मध्ये ते फॉरवर्ड ब्लॉकतर्फे नागपुरातून लोकसभेवर गेले, तेव्हा मत पक्षाच्या जाहीरनाम्याला कितपत पडले आणि ‘विदर्भवीर’ या प्रतिमेला कितपत, याबद्दल मला तरी शंका नाही. १९८० मध्ये तेच धोटे इंदिरा काँग्रेसतर्फे त्याच मतदारसंघातून निवडून आले, यावरून काय ते समजावे. त्यांच्यामागे गेलेल्या गावकऱ्यांना पक्ष बदलल्याची खंतही वाटली नसावी.

बुटीबोरी
पक्ष इकडे केवळ एका माणसापुरता होता हे मला मान्य नाही. धोटे यांच्या आधी नागपूरच्या गिरणी कामगारांचे नेते रा. स. रुईकर या पक्षात अग्रभागी होते. स्वातंत्र्यानंतर पक्ष फुटला आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ‘मार्क्सवादी गट’ आणि ‘रुईकर गट’ असे दोन फॉरवर्ड ब्लॉक वेगवेगळे लढले. म्हणजे एका गटाची ओळखच नागपूरच्या नेत्याच्या नावाने होती. मात्र हा आधार गिरण्यांच्या वस्त्यांतला होता. खेड्यांत पक्षाची शाखा, वर्गणी, कार्यकर्त्यांचे शिबिर असे काही रुजलेले मला जुन्या लोकांच्या बोलण्यात आढळत नाही, त्यामुळे ग्रामीण भागापुरते मूर्तिजापूरकरांचे म्हणणे मी स्वीकारतो.

दारव्हेकर
आभारी आहे. पक्ष आज अस्तित्वात आहे का?

सेलू-वर्धा
आहे. पश्चिम बंगालमध्ये १९७७ ते २०११ या काळात तो डाव्या आघाडीच्या सत्तेत सहभागी होता आणि त्याचे बळ मुख्यतः कूचबिहारसारख्या उत्तरेकडील भागात होते. पुढे २०२२ मध्ये झेंड्यावरून कोयता-हातोडा काढण्याचा निर्णय झाला, वाघ मात्र कायम ठेवला गेला. साम्यवाद्यांची शाखा समजले जाण्याचा कंटाळा आल्यानेच हे केले असावे, असे माझे मत आहे.